ब्रॉयलरच्या खाद्यात काय मिसळावं? आधी आतडं बघायला शिका

ब्रॉयलरचं शेड उभं राहिलं की पिल्लांच्या आधी पुड्या आणि बाटल्या येतात. एक लिव्हर टॉनिक, एक प्रोबायोटिक, एक ॲसिडिफायर आणि एखादी चकचकीत पिशवी, जिच्यावर 'गट हेल्थ' एवढंच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. मी पहिल्या बॅचला हे सगळंच दिलं होतं. बॅच चांगली गेली, पण कशामुळे ते सांगता आलं नाही. दुसऱ्या बॅचला तेच सगळं देऊनही तिसऱ्या आठवड्यात पक्ष्यांखालची भुश्याची गादी ओली झाली, आणि कशामुळे तेही सांगता आलं नाही. पुढच्या पायऱ्या त्या दुसऱ्या बॅचनंतर हळूहळू जमवलेल्या आहेत.

अंड्यातून निघालेलं पिल्लू साधारण ४० ते ४५ ग्रॅमचं असतं आणि ३५ दिवसांत ते २ किलोच्या पुढे जातं. ही सगळी वाढ आतड्याच्या पातळ भिंतीतून आत जाते. ब्रॉयलरच्या खर्चात खाद्याचा वाटा साधारण ६० ते ७० टक्के असतो. ती भिंत बिघडली की सगळ्यात महाग माल गादीत जाऊन पडतो.

पायरी १: खाल्लेला दाणा कुठून कुठे जातो ते समजून घ्या

चोचीतून गेलेलं खाद्य आधी मानेच्या बुडाशी असलेल्या पिशवीत, क्रॉपमध्ये, साठतं. तिथे ते भिजतं आणि लॅक्टिक आम्ल करणारे जंतू त्यावर काम सुरू करतात. पुढे ग्रंथिल जठरात आम्ल आणि पाचक रस मिसळतात आणि पेट्यात, म्हणजे गिझर्डमध्ये, ते दळलं जातं. पेट्यातला पीएच साधारण २.५ ते ३.५ असतो. बाहेरून आलेले बरेच जंतू इथेच मरतात. त्यानंतर लहान आतडं. इथे आम्लता कमी होते, पीएच ६ च्या आसपास किंवा त्याच्याही वर जातो आणि खरं शोषण होतं.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक अंकुर असतात. त्यांना विलाय म्हणतात. त्यांच्यावरच्या पेशी दर तीन-चार दिवसांनी झडून नव्या येतात. आजार झाला की पेशी आणखी वेगाने झडतात, अंकुर आखूड होतात, आणि पक्षी मांसासाठीचं प्रथिन डागडुजीला लावतो. त्याचं खाणं तेवढंच राहतं, वजन मात्र मागे पडतं. शेवटी सीका नावाच्या दोन बंद पिशव्या येतात. तिथले जंतू उरलेल्या तंतूंपासून ब्युटिरिक आम्ल बनवतात आणि आतड्याच्या पेशींना तेच इंधन म्हणून लागतं.

एक गोष्ट पाठ करून ठेवा: पक्ष्याने जे पचवलं नाही, ते जंतू खातात. उरलंसुरलं पिठूळ किंवा तंतुमय असेल तर साधारणपणे बरे जंतू वाढतात. न पचलेलं प्रथिन खाली गेलं तर क्लोस्ट्रिडियमसारख्या रोगजंतूंची चंगळ होते. खाद्यपूरक कोणतंही असो, ते चारपैकी एखादं काम करतं: उरणारं कमी करतं, ते कोण खाणार हे बदलतं, भिंत सांभाळतं किंवा थेट शत्रूला मारतं. पिशवी हातात घेतली की ती यातलं कोणतं काम करते, हे विचारा. विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही तर पिशवी परत द्या.

पायरी २: पहिले सात दिवस पुड्यांशिवाय नीट करा

पिल्लाच्या पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो. तो चार-पाच दिवसांत वापरला जातो. पिल्लू लवकर खायला लागलं तर बलकही लवकर शोषला जातो आणि आतडं भराभर वाढतं. उशिरा खायला लागलेलं पिल्लू पुढे कितीही महाग पूरक दिलं तरी त्या बॅचमध्ये मागेच राहतं, असा माझा अनुभव आहे.

तपासणी सोपी आहे. पिल्लं सोडल्यानंतर शेडच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून ३०-४० पिल्लं उचला आणि क्रॉप बोटांनी हळूच चाचपा. दोन तासांनी निदान ७५ टक्के पिल्लांचं क्रॉप भरलेलं हवं, २४ तासांनी ९५ टक्क्यांहून जास्त. भरलेलं आणि मऊ लागलं तर खाद्य-पाणी दोन्ही मिळालं. कडक लागलं तर पाणी मिळालेलं नाही, आणि फुग्यासारखं नुसतं पाणी असेल तर खाद्य सापडलेलं नाही. पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून बघा. थंड लागले तर गादी तापलेली नाही. अशा वेळी प्रोबायोटिक शोधत बसू नका, पिल्लांना ऊब देणारा ब्रूडर बघा.

पाण्याचंही तसंच. पाइपच्या आत बोट फिरवलं आणि बुळबुळीत थर लागला, तर त्या पाइपमधून दिलेलं काहीही आधी त्या थराशी झुंजणार. दोन बॅचच्या मध्ये पाइप धुणं हा आतड्याच्या आरोग्यासाठीचा सर्वात स्वस्त उपाय आहे.

पायरी ३: रोज गादी आणि विष्ठा बघा

सकाळी शेडमध्ये गेलात की आधी खाली बघा. चांगली विष्ठा घट्ट असते, आकार धरते आणि तिच्यावर युरिक आम्लाची पांढरी टोपी असते. मधूनच चॉकलेटी रंगाची, चिकट, वास मारणारी विष्ठा दिसते. ती सीकाची, दिवसातून मोजक्या वेळा पडणारी. नवखे तिलाच हगवण समजून औषध सुरू करतात. सीकाची विष्ठा पिवळट आणि फेसाळ झाली, तर मात्र न पचलेलं बरंच काही खालपर्यंत पोचतंय असं समजा.

काळजीच्या खुणा अशा: विष्ठेत मक्याचे कण जसेच्या तसे, केशरी चिकट शेंबडासारखा स्राव, विष्ठेभोवती पाण्याचं वर्तुळ, आणि रक्त. पाण्याचं वर्तुळ दिसलं म्हणून आतड्यालाच दोष देऊ नका. उकाड्यात पक्षी जास्त पाणी पितात, खाद्यात मीठ जास्त झालं तरी पितात, आणि निपल गळत असले तरी गादी ओलीच होते. गादीची एक मूठ दाबून बघा. मूठ सोडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. गादीची ओल २०-२५ टक्क्यांच्या आसपास असावी. ती बरीच वर गेली की रक्ती हगवणीच्या (कॉक्सिडिओसिसच्या) परजीवीला हवं तसं घर मिळतं.

आठवड्यातून एकदा दोन-तीन पक्ष्यांचं आतडं उघडून बघायला पशुवैद्यकांकडून शिकून घ्या. पक्षी ताजा हवा. रात्री मेलेल्या पक्ष्याचं आतडं सकाळपर्यंत सडायला लागलेलं असतं आणि त्यात भलतंच काहीतरी दिसतं. निरोगी आतड्याला एक ताण असतो, कापलं की कडा थोड्या आत वळतात. पातळ, फुगलेलं, भिंतीतून आतलं दिसणारं आतडं हे बिघाडाचं लक्षण. आतड्याच्या सुरुवातीच्या वळणावर आडव्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर रक्ती हगवणीचा परजीवी आयमेरिया असेर्व्हुलिना, मधल्या भागात टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके आणि केशरी स्राव असेल तर आयमेरिया मॅक्झिमा, आणि सीकात रक्त भरलेलं असेल तर आयमेरिया टेनेला. आतली बाजू टर्किश टॉवेलसारखी खरखरीत, पिवळट-तपकिरी थराने झाकलेली असेल तर नेक्रोटिक एन्टरायटिस. हा आजार क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सच्या विषामुळे होतो, आणि बऱ्याचदा रक्ती हगवणीने भिंत आधीच फाडून ठेवलेली असते.

पायरी ४: दिसलेल्या खुणेवरून पूरक निवडा

त्याआधी एक फोन करा. तयार खाद्य घेत असाल तर त्यात आधीच काय-काय आहे ते पुरवठादाराला विचारा. फायटेज हे विकर (एन्झाइम), बुरशीचं विष धरून ठेवणारं टॉक्सिन बाइंडर आणि रक्ती हगवणीवरचं औषध बहुतेक वेळा असतंच. दोनदा टाकलेलं विकर फार तर पैसे वाया घालवेल. पण सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिनसारखी आयनोफोर गटातली औषधं दुप्पट झाली तर पक्षी खाणं सोडतात, पायातली ताकद जाते आणि मरतूक होते. योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार अंतर नाही.

विकरं म्हणजे एन्झाइम्स. माझ्या मते नवख्या माणसाने पैसे घालायचेच असतील तर इथे घालावेत, कारण ती उरणाराच भाग कमी करतात. धान्य आणि पेंडीतला जवळपास दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो आणि कोंबडीला तो नीट सोडवता येत नाही. फायटेज तो सोडवतं. त्याची नेहमीची मात्रा किलो खाद्याला ५०० युनिट. गहू, बार्ली, राय या धान्यांतल्या विरघळणाऱ्या तंतूंमुळे आतड्यातला ऐवज खळीसारखा चिकट होतो, पाचक रस आत शिरत नाहीत आणि विष्ठा गादीला चिकटते. तिथे झायलनेज आणि बीटा-ग्लुकनेज या विकरांचा फरक डोळ्यांना दिसतो. मका-सोयापेंडीच्या खाद्यात तो इतका ठळक नसतो. प्रोटिएज न पचणारं प्रथिन कमी करतं, पण सोयापेंड कच्ची किंवा जळलेली असेल तर आधी पेंड बदला.

सेंद्रिय आम्लांबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून थोडं सविस्तर. फॉर्मिक, प्रोपिओनिक, लॅक्टिक ही आम्लं नुसता पीएच उतरवून जंतू मारत नाहीत. आम्लाचा रेणू अखंड, भाररहित असतो तेव्हा तो जंतूच्या आवरणातून आत सरकतो. आत पीएच उदासीन असल्यामुळे तो फुटतो, आतली आम्लता वाढते, आणि ती बाहेर उपसता उपसता जंतूची शक्ती संपते. फॉर्मिक आम्लाचे निम्मे रेणू अखंड राहतात तो पीएच ३.७५. याचा अर्थ असा, की खाद्यात, पाण्यात, क्रॉपमध्ये आणि पेट्यात ते काम करतं. लहान आतड्यात पीएच ६ च्या घरात गेला की जवळपास सगळे रेणू फुटलेले असतात आणि त्यांची आत सरकण्याची शक्ती गेलेली असते. शिवाय साधं आम्ल वरच्या भागातच शोषलं जातं. खालच्या आतड्यापर्यंत काही पोचवायचं असेल, विशेषतः ब्युटिरेट, तर ते चरबीच्या वेष्टणात असलेलं घ्या. ब्युटिरेटचं काम मुख्यतः भिंतीसाठी आहे, आजारातून उठलेल्या बॅचला ते उपयोगी पडतं. आणखी एक बारकावा: खाद्यातली चुनखडी बरंच आम्ल गिळते. सुरुवातीच्या खाद्यात ती भरमसाट असेल तर ॲसिडिफायरचे पैसे चुनखडीवरच खर्च होतात.

प्रोबायोटिक म्हणजे चांगले जिवंत जंतू. ही कल्पना जुनी आहे. १९७३ मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी दाखवलं, की मोठ्या निरोगी कोंबडीच्या आतड्यातले जंतू नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना दिले तर साल्मोनेला त्यांच्यात सहज घर करू शकत नाही. जागा आधीच भरलेली असते. त्यातूनच ध्यानात घ्या, की प्रोबायोटिकची खरी वेळ पहिला दिवस आहे, किंवा प्रतिजैविकाचा कोर्स संपल्यानंतरचे दिवस. प्रतिजैविकाबरोबरच दिलेलं प्रोबायोटिक मारण्यासाठीच दिल्यासारखं होतं. खाद्याची गोळी बनणार असेल तर बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस असे बीजाणू करणारे जंतू निवडा. गोळीच्या यंत्रातलं ८०-८५ अंश तापमान ते सोसतात. लॅक्टोबॅसिलस सहसा सोसत नाही, तो पाण्यातून किंवा पिल्लांवर फवारून द्या. पिशवीवर जंतूंचं नाव, ग्रॅमला किती जिवंत जंतू आणि मुदत या तीन गोष्टी नसतील तर ती घेऊ नका.

प्रीबायोटिक म्हणजे चांगल्या जंतूंचं खाद्य. यीस्टच्या भिंतीतले मॅनन-ऑलिगोसॅकराइड जरा वेगळं काम करतात. इ. कोलाय आणि साल्मोनेला ज्या धाग्यांनी आतड्याला चिकटतात त्या धाग्यांना ते स्वतः चिकटतात आणि जंतू बाहेर वाहून जातात. उपयोगी, पण रोगाची लाट थांबवायला पुरेसे नाहीत.

वनस्पतिजन्य पूरकांत ओव्याच्या आणि ओरेगॅनोच्या तेलातलं थायमॉल आणि कार्व्हॅक्रॉल, दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड, लसणातले गंधकयुक्त घटक यांचा जंतूंवर परिणाम होतो हे खरं आहे. अडचण एवढीच, की पीक, हंगाम आणि काढण्याची रीत बदलली की त्यातलं प्रमाण बदलतं. 'हर्बल' एवढंच लिहिलेल्या पिशवीत काय आहे ते बनवणाऱ्यालाही दरवेळी सारखं सांगता येईल असं नाही. मुख्य घटकाचं प्रमाण छापलेलं असेल तरच विचार करा.

टॉक्सिन बाइंडर मक्यात बुरशी असण्याची शंका असेल तेव्हा. बेंटोनाइटसारख्या माती अफ्लाटॉक्सिन चांगलं धरतात. टी-२ किंवा डॉन या विषांना त्या जवळपास धरत नाहीत. मका १३-१४ टक्क्यांहून ओला असेल तर बाइंडर वाढवत बसण्यापेक्षा तो मका परत करा.

रक्ती हगवणीवरची औषधं पिशवीत पूरकांच्या शेजारी बसतात, पण ती औषधंच आहेत, पशुवैद्यकांना विचारूनच द्या. तीन गोष्टी तरी स्वतः लक्षात ठेवा. मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन किंवा नॅरासिन चालू असताना टायम्युलिन हे प्रतिजैविक देऊ नका, दोन्ही मिळून पक्षी मरतात. ते खाद्य घोड्याच्या तोंडी लागू देऊ नका. आणि रक्ती हगवणीची जिवंत लस दिली असेल तर खाद्यात हे औषध नको, नाहीतर लसच मरते.

वाढीसाठी थोडं-थोडं प्रतिजैविक देण्याचा जुना मार्ग कुणीतरी सुचवेलच. स्वीडनने तो १९८६ मध्ये आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंद केला. औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात, हे त्याचं कारण. नवी सुरुवात करणाऱ्याने ती सवय लावूनच घेऊ नये.

पायरी ५: मिसळताना घाई नको

टनाला ५०० ग्रॅम म्हणजे किलोला अर्धा ग्रॅम. ही पुडी मिक्सरमध्ये थेट ओतली तर काही पक्ष्यांना दहापट आणि काहींना शून्य मिळतं. आधी ५०० ग्रॅम ५ किलो मकापिठात हाताने एकजीव करा, ते २५ किलोत, आणि मग मिक्सरमध्ये. यंत्र किती मिनिटं चालवायचं हे निर्मात्याने सांगितलेलं असतं. जास्त वेळ चालवलं तर जड आणि हलके कण पुन्हा वेगळे होतात.

पाण्यातून द्यायचं असेल तर क्लोरीनकडे लक्ष द्या. पाण्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतं, त्याला प्रोबायोटिकचे जंतू वेगळे ओळखता येत नाहीत. मी स्वतः दोन बॅच हे विसरलो होतो. प्रोबायोटिक देण्याआधी क्लोरीन बंद करून पाइप साध्या पाण्याने वाहू द्या आणि तेवढं पाणी दोन-तीन तासांत संपेल एवढंच मिश्रण करा. आम्ल देताना पाण्याचा पीएच ४ च्या आसपास ठेवा, तो फार खाली गेला की पक्षी पाणी कमी पितात आणि मागोमाग खाणंही कमी होतं. आम्लाचा कोर्स संपला की पाइप धुवा. काही सेंद्रिय आम्लांवर पाइपमध्ये यीस्टचा थर माजतो.

पायरी ६: एका वेळी एकच बदल, आणि मोजमाप

शेड जाळीने दोन सारख्या भागांत विभागा. पिल्लं एकाच पुरवठ्यातली, संख्या सारखी, एका भागात पूरक, दुसऱ्यात नाही. दोन्ही भागांचं खाद्य वेगळं तोला.

समजा एका भागात १,००० पक्ष्यांनी मिळून ३,२०० किलो खाल्लं आणि २,००० किलो वजन विकलं गेलं, तर एफसीआर, म्हणजे किलोभर वजनाला लागलेलं खाद्य, १.६०. पूरकाच्या भागात तो १.५७ आला तर तेवढ्याच वजनाला ६० किलो खाद्य वाचलं. टनाला ५०० ग्रॅम या हिशोबाने पूरक लागलं साधारण १.६ किलो. ६० किलो खाद्याची किंमत आणि १.६ किलो पूरकाची किंमत शेजारी-शेजारी लिहा.

पण एकाच बॅचवर भाळू नका. ०.०३ एवढा फरक शेडच्या एका बाजूला वारा बरा आहे म्हणूनही पडतो. पुढच्या बॅचला बाजू अदलाबदल करा. तीन-चार बॅचमध्ये फरक पूरकाच्या मागे गेला तर तो पूरकाचा, बाजूच्या मागे गेला तर वाऱ्याचा. नोंदवहीत रोजची मरतूक, आठवड्याचं वजन आणि गादीची मूठ कशी लागली तेही लिहा. मला बऱ्याचदा आकड्यांच्या आधी गादीनेच उत्तर दिलं आहे.

पायरी ७: विक्रीआधीचे दिवस

औषधं मांसातून उतरायला ठरावीक दिवस लागतात, ते लेबलवर असतात. त्या दिवसांत बिनऔषधाचं खाद्य द्या आणि आधी फीडरच्या तळाशी आणि साठवणीत राहिलेलं जुनं खाद्य रिकामं करा. पक्षी पकडण्याआधी खाद्य काढून घ्या. काढल्यापासून कापेपर्यंत प्रवास धरून साधारण ८ ते १२ तास व्हावेत. त्याहून लवकर कापले तर पोट भरलेलं असतं, आणि फार उशीर झाला तर उपाशी आतड्याची भिंत ठिसूळ होऊन ती काढताना फाटते. पाणी मात्र पकडायला सुरुवात होईपर्यंत चालू ठेवा.